आकड्यांतून काच होत नाही: प्राचीन चिनी शिसे-बेरियम काच पुन्हा घडवताना

प्रश्न थोडक्यात असा. इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या चिनी काचेचं रासायनिक विश्लेषण एका शोधनिबंधात मिळालं. त्यातल्या टक्केवारीप्रमाणे शुद्ध रसायनं मोजली, ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशीत भरली आणि मफल भट्टीत, म्हणजे विजेच्या बंद भट्टीत, १२०० अंश सेल्सिअसला चार तास ठेवली. बाहेर आली ती स्वच्छ, पिवळसर, पारदर्शक काच. मूळ वस्तू मात्र दुधाळ, हिरवट, जेड या मौल्यवान दगडासारखी दिसते. शिवाय मूस आतून खाल्ली गेली. चूक कुठे झाली, आणि अशा प्रयोगातून सिद्ध तरी काय होतं?

तुमच्या मोजमापात चूक नाही. तुम्ही काच नीट बनवलीत, पण ती आजच्या पद्धतीची काच झाली. विश्लेषण सांगतं की शेवटी काचेत काय उरलं. भट्टीत काय घातलं, किती तापवलं, किती वेळ ठेवलं, कसं निववलं, यातलं काहीच ते सांगत नाही. आमटी चाखून आंबट किती झाली हे कळतं, पण ती निव्वळ आकड्यांत सांगितली तर चिंच होती की आमसूल, ते कसं कळणार? तुम्ही कागदावरच्या आकड्यांवरून थेट वितळवायला गेलात आणि मधली सगळी कारागिरी गळून गेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडे शुद्ध लेड ऑक्साइडची बरणी नव्हती, १२०० अंश चार तास स्थिर धरणारी भट्टीही नव्हती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ‘प्राचीन चिनी काच’ या नावाखाली बऱ्याच गोष्टी एकत्र होतात. हुबेई प्रांतात १९७८ साली उत्खनन झालेल्या सरदार यीच्या थडग्यात (इ.स.पू. ४३३च्या सुमाराचं) काचेचे दीडशेहून जास्त डोळेदार मणी (वेगळ्या रंगाच्या काचेचे डोळ्यासारखे ठिपके बसवलेले) निघाले. त्यांची काच सोडा-चुन्याची आहे, पश्चिम आशियातल्या काचेशी नातं सांगणारी. दक्षिणेला ग्वांगशीतल्या हेपूच्या, हान राजवटीच्या काळातल्या थडग्यांत पोटॅशची काच मिळते आणि तशी काच भारतात आणि आग्नेय आशियातही मिळते, म्हणजे तिथे समुद्री व्यापाराचा धागा आहे. काचेसाठीचा चिनी शब्द ‘लिउली’ हा पालीतल्या ‘वेळुरिय’चा, म्हणजे आपल्या वैडूर्याचा वंशज आहे. शब्द इथून तिकडे गेला. पण तुम्ही निवडलेली काच मात्र कुठूनही आलेली नाही. शिसे आणि बेरियम या दोन्हींची ती जोडी त्या काळात जगात दुसरीकडे कुठे काचेची रीत म्हणून रूढ नव्हती. १९३०च्या दशकात सेलिगमन आणि बेक या संशोधकांनी जुन्या चिनी मण्यांत बेरियम दाखवलं, तेव्हा म्हणूनच इतकं आश्चर्य वाटलं. युरोपात काचेत मुद्दाम बेरियम घालायला १९वं शतक उजाडावं लागलं, तेही भिंगांच्या काचेसाठी. पुढे कॉर्निंगच्या काच संग्रहालयातले रॉबर्ट ब्रिल यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) दाखवलं की हे शिसे पश्चिमेकडच्या काचेतल्या शिशापेक्षा वेगळं आहे.

दक्षिण चीनमधल्या छांगशा परिसरात, छू या प्राचीन राज्याच्या थडग्यांत या काचेच्या ‘बी’ चकत्या मिळतात. मधे भोक असलेली सपाट, गोल चकती. जेडची परवडत नसे त्याच्या उशाशी काचेची ठेवली जाई. इ.स.च्या पहिल्या शतकात वांग छुंग हा चिनी विचारवंत लिहून गेला आहे की ताओपंथी लोक पाच प्रकारचे दगड वितळवून पाच रंगांचं जेड करतात आणि खऱ्या जेडच्या शेजारी ठेवलं तर चमकीत फरक दिसत नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी सांगतो. कारागिराला पारदर्शकता नकोच होती. त्याला जेड हवं होतं. तुमची काच स्वच्छ झाली म्हणजे त्याच्या नजरेतून ती बिघडली.

आता आकड्यांकडे. ते पोर्टेबल एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्राने (क्ष-किरण टाकून घटक ओळखणाऱ्या हातातल्या यंत्राने) वस्तूच्या पृष्ठभागावरून घेतले असतील तर त्यांवर विसंबू नका. मातीत दोन हजार वर्षं पडलेल्या शिशाच्या काचेवर झिजेचा थर चढतो. काही घटक झिरपून जातात, काही साठतात, वर शिशाच्या कार्बोनेटची पांढरी पापडी धरते, इंद्रधनुषी चमक येते. एकाच चकतीच्या गंजलेल्या आणि ताज्या भागात शिशाचे आकडे इतके वेगळे येऊ शकतात की दोन वेगळ्या काचा वाटाव्यात. शिवाय ते यंत्र सोडियम नीट पाहू शकत नाही, आणि सोडियमचे चार-पाच टक्के वितळण्याचं तापमान बरंच खाली आणतात. तुटलेल्या कडेचा ताजा छेद घेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनांच्या झोताने सूक्ष्म बिंदूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) केलेलं विश्लेषण शोधा आणि त्यावरून हिशेब मांडा.

हिशेब मी असा मांडतो. समजा १०० ग्रॅम काचेत ४० ग्रॅम लेड ऑक्साइड, १५ बेरियम ऑक्साइड, ४० सिलिका आणि ५ सोडियम ऑक्साइड हवं आहे. कार्बोनेटांतून जायचं तर ४७.९ ग्रॅम लेड कार्बोनेट, १९.३ बेरियम कार्बोनेट, ४० गारगोटीची पूड (म्हणजेच सिलिका) आणि ८.६ सोडा (सोडियम कार्बोनेट) लागतो. एकूण ११५.८ ग्रॅम. म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर वजनात १५.८ ग्रॅमची घट यायला हवी. मूस भरताना आणि काढल्यावर तोलून बघा. घट याहून जास्त असेल तर ती जास्तीची घट म्हणजे हवेत गेलेलं शिसे. १२०० अंशांवर उघड्या मुशीत चार तास ठेवल्यावर ते जाणारच, आणि मग तुमच्या हातातली काच कागदावरच्या काचेपेक्षा वेगळी असते. ही साधी तोलाई बरेच जण करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

पण खरा प्रश्न कार्बोनेटचाही नाही. निसर्गात शिसे बहुतेक गॅलेना म्हणून सापडतं, म्हणजे शिशाचं सल्फाइड, आणि बेरियम बेराइट म्हणून, म्हणजे बेरियमचं सल्फेट. हे दोन दगड एकाच खाणीत, अनेकदा एकाच शिरेत शेजारी असतात. म्हणून एक मत असं की बेरियम चुकून आलं: शिशाचा दगड समजून बेराइटसकट भाजला. दुसरं मत असं की दुधाळपणासाठी बेरियम मुद्दाम घातलं. ही दोन मतं प्रयोगात एकमेकांसमोर उभी करता येतात, आणि मला या विषयाचं सगळ्यांत जास्त आकर्षण इथेच वाटतं.

खनिजांतून तीच काच करायची तर ४२.९ ग्रॅम गॅलेना आणि २२.८ ग्रॅम बेराइट लागेल. गॅलेना आधी भाजावं लागतं. पातळ पसरून, ६००-७०० अंशांवर, सारखं हलवत. घाई केली तर कण एकमेकांना चिकटतात आणि आतलं सल्फाइड तसंच राहतं. असं अर्धवट भाजलेलं मिश्रण तापवलं की उरलेलं सल्फाइड आणि झालेलं ऑक्साइड एकमेकांशी भिडतात आणि चक्क धातूचं शिसे सुटतं. मुशीच्या तळाशी शिशाचा थेंब दिसला तर समजा, भाजणं कच्चं राहिलं. नीट भाजलं तरी थोडं शिसे सल्फेट होऊन बसतंच. जुन्या कारागिराने ही अडचण कशी टाळली असेल? एक सरळ वाट अशी की आधी धातूचं शिसे काढायचं, मग ते हवेत भाजून मुरदाडशिंग किंवा शेंदूर (दोन्ही शिशाची ऑक्साइडं) करायचा आणि तो काचेत घालायचा. मुरदाडशिंग आपल्या जुन्या औषधांच्या दुकानात मिळायचं आणि खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. चीनमध्येही शिशाची ही रूपं जुन्या काळापासून माहीत होती. पण ही वाट धरली तर बेराइट शिशाबरोबर चुकून येणं अवघड होतं, कारण धातू काढताना तो मळीत, म्हणजे धातूवेगळ्या गाळात, राहतो. बघा, भाजण्याच्या एका पायरीवरून ‘चुकून’ की ‘मुद्दाम’ या वादाला कसं वळण मिळतं.

बेराइटची गोष्ट आणखी चांगली आहे. एकटा बेराइट १५०० अंशांच्या वर वितळतो, त्या काळच्या भट्टीच्या आवाक्याबाहेर. पण शिशाचं ऑक्साइड आणि गारगोटी मिळून ७००-८०० अंशांच्या आसपासच पातळ होऊ लागतात. त्या द्रवात बेराइट हळूहळू विरघळतो आणि गंधक वायू होऊन बाहेर पडतं. ९५० ते १००० अंशांवर दहा-बारा तास दिले तर हे घडताना दिसतं. बेराइट जास्त झाला किंवा वेळ कमी पडला की सल्फेटचा पांढरा थर काचेवर तरंगतो. लोक मग त्यात कोळशाची पूड घालतात, कारण कोळसा सल्फेट मोडतो. इथे फार जपा. कोळसा जरा जास्त झाला की सल्फाइड तयार होतं, शिशाशी मिळून काळं पडतं, आणि लोखंडाचा अंश असेल तर तपकिरी छटा येते. मूळ चकत्या तशा नाहीत. म्हणजे त्यांच्या करणाऱ्यांना हवा आणि कोळसा यांचा तोल साधला होता, किंवा मूस झाकून ठेवण्याची रीत होती.

तुमच्या मफल भट्टीचा खरा दोषही हाच. विजेच्या भट्टीत हवा कायम ऑक्सिडायझिंग, म्हणजे ऑक्सिजन पुरवणारी, असते. कोळशाच्या भट्टीत तसं नसतं. छू राज्य कांस्याचं राज्य होतं. १००० ते १२०० अंश त्यांच्या ओतारींना रोजचे होते. पण कांस्याच्या भट्टीत तांबं आणि कथील धातू राहावेत अशीच हवा लागते. तीच हवा शिशाच्या काचेला लागली तर शिसे धातू होऊन खाली बसतं आणि काच करडी, काळपट होते. म्हणजे ओतारीची भट्टी जशीच्या तशी उचलून काच होत नाही. मी हे उघड्यावर कोळशाच्या भट्टीत करून पाहिलं आहे. झाकण नसलेल्या मुशीतून राखाडी गाळ निघाला. त्याच भट्टीत त्याच मिश्रणाची दुसरी मूस मातीच्या झाकणाने लिंपून बंद केली होती, ती फिकट हिरवी आली. विजेच्या भट्टीत हा फरक कधीच दिसला नसता. प्रयोगशाळेतल्या सोयी पुरावाच झाकून टाकतात, हे लक्षात ठेवा.

आता दुधाळपणा. तो वितळवण्यात येत नाही, निवण्यात येतो. बेरियम पुरेसं असेल तर अशा काचेत निवताना बेरियम डायसिलिकेटचे बारीक स्फटिक वाढतात आणि प्रकाश विखुरतात. मूळ चकत्यांच्या आत क्ष-किरण विवर्तनाने (क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना ओळखण्याच्या पद्धतीने) हेच स्फटिक दिसले आहेत. तुम्ही १२०० अंशांवर सगळं विरघळवलंत आणि बहुधा मूस चटकन बाहेर काढलीत. स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. पुढच्या वेळी ९५०-१००० अंशांवर वितळवा, मग ७५० ते ८५० अंशांच्या मधे काही तास ठेवा. एकाच काचेचे तुकडे तासाभराच्या फरकाने बाहेर काढत गेलात तर पारदर्शक, मग धुरकट, मग दुधाळ, मग जवळजवळ चिनी मातीसारखं अपारदर्शक, अशी सगळी रांग मिळेल. त्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली मूळ वस्तूच्या छेदाशेजारी ठेवा. स्फटिकांचा आकार आणि गर्दी जुळली, तर ती मूळ काच किती हळू निवली याचा अंदाज येतो. भट्टी विझवून रात्रभर तशीच सोडली तर कितपत जुळतं, हेही करून बघा. आणि शेवटी ४३०-४५० अंशांवर थांबून मग अगदी सावकाश खाली या, नाहीतर तुकडे दुसऱ्या दिवशी आपोआप तडकतात.

हिरवटपणाचं उत्तर सोपं आहे: तांबं, आणि थोडं लोखंड. तेच तांबं सोड्याच्या काचेत आकाशी-निळं दिसतं आणि शिसे भरपूर असलं की हिरव्याकडे झुकतं. अर्धा टक्का कॉपर ऑक्साइडपासून सुरुवात करा. तांबं वाढवलं आणि बेरियमही भरपूर असलं, पण शिसे कमी ठेवून मिश्रण पूर्ण वितळू दिलं नाही, तर एक वेगळीच गोष्ट दिसेल: निळे आणि जांभळे कण. हेच ते हान निळा आणि हान जांभळा रंग, दोन्ही बेरियम-तांबं-सिलिकेट. फित्झह्यू आणि झायकरमन या संशोधकांनी १९८३ साली निळा आणि १९९२ साली जांभळा ओळखून मांडला. शीआनच्या मातीच्या सैनिकांवर हा जांभळा आहे. जांभळा ९०० ते १००० अंशांच्या पट्ट्यात लवकर तयार होतो. निळ्याला जास्त वेळ आणि जास्त सिलिका लागते. तापमान त्या पट्ट्याच्या बरंच वर गेलं की जांभळा मोडतो. शिशाचं काम इथे दुहेरी: बेराइट मोडायला मदत करायची आणि थोडा द्रव तयार करून कणांना एकमेकांपर्यंत पोचवायचं. काच आणि हे रंग एकाच कारागिरीची भावंडं आहेत असं मला वाटतं. दोन्हीकडे शिसे-बेरियमची तीच विचित्र जोडी, तोच काळ. (याच जांभळ्या संयुगावर भौतिकशास्त्रज्ञांनी अतिशीत तापमानात आणि तीव्र चुंबकीय क्षेत्रात प्रयोग केले, २००६ साली त्याचा बराच बोलबाला झाला. तो विषय वेगळा, पण ऐकून आनंद होतो.)

मुशीबद्दल. शिशाची काच ॲल्युमिना आणि मातीची मूस खातेच. ती खाल्लेली ॲल्युमिना तुमच्या काचेत गेली आहे, तिचं विश्लेषण करा. मूळ काचेत ॲल्युमिना फार कमी असेल आणि तुमच्यात तीन-चार टक्के आली असेल, तर मूळ काच इतकी गरम झालीच नव्हती किंवा मुशीत इतका वेळ राहिलीच नव्हती. तुम्हाला जे नुकसान वाटलं तेच तुमच्या हातातलं सगळ्यांत चांगलं मोजमाप आहे. प्लॅटिनमच्या मुशीचा मोह मात्र धरू नका. उमेदीच्या काळात माझ्या हातून एक गेली. मिश्रणात कोळशाचा अंश राहिला होता, सुटलेलं शिसे प्लॅटिनमशी मिसळलं आणि तळाला भोक पडलं. ते मी आजही विसरलेलो नाही.

साच्याचं काम शक्य असेल तर जरूर करा. बहुतेक छू चकत्यांची एक बाजू नक्षीची आणि दुसरी साधी, खडबडीत असते. म्हणजे उघडा साचा. पण त्यात वितळलेली काच ओतली, की काचेची पूड भरून साच्यासकट तापवली? दोन्ही करून छेद घ्या. पूड भरून केलेल्या चकतीत सगळीकडे बारीक बुडबुडे येतात आणि नक्षीच्या कडा थोड्या मऊ राहतात. ओतलेल्या चकतीत बुडबुडे कमी, पण वाहण्याच्या रेषा दिसतात आणि ओतलेल्या जागेभोवती काच वेगळी दिसते. मूळ वस्तूचा क्ष-किरण फोटो समोर ठेवला की बुडबुडेच बोलू लागतात. डोळेदार मण्यांना हात घालणार असाल तर आधी दोन्ही काचांचं तापमानाबरोबरचं प्रसरण जुळवा, नाहीतर निवताना डोळे उडून पडतात. असे कितीतरी डोळे मी टेबलाखाली शोधले आहेत.

‘सिद्ध काय होतं?’ या तुमच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. तुमची काच मूळ काचेसारखी आली, तर ती तशी केली जाऊ शकली असती एवढंच म्हणता येतं. पण एखादी वाट पाच वेळा प्रामाणिकपणे करूनही मूळ काचेच्या जवळ जात नसेल, दर वेळी काळी पडत असेल किंवा वर सल्फेट तरंगत असेल, तर ती वाट खोडता येते. त्या काळच्या काचभट्ट्यांचे अवशेष फार तोकडे आहेत, म्हणून हे खोडणं मोलाचं आहे. लिखित कृतीची मदतही फार उशिरा मिळते. शानतुंगमधल्या बोशानचा सुन थिंगच्युआन १७व्या शतकात स्वच्छ शब्दांत लिहितो की दगड हा काचेचा पिंड, सोरा तिला जुळवून आणतो, आणि तांबं, लोखंड, शिसे तिचा रंग बदलतात. पण त्याची काच सोऱ्याची, बेरियमचा तिथे पत्ता नाही, आणि मधे जवळपास दोन हजार वर्षं गेली आहेत. त्याचं वाचून छू काच करायला बसू नका. कुठलं शिसे कुठल्या खाणीचं, हा प्रश्नही भट्टीवर सोडू नका. भट्टीत शिशाचे समस्थानिक जवळजवळ बदलत नाहीत, म्हणून ते ठिकाण सांगतात. भट्टी फक्त पद्धत सांगते.

आता सुरक्षितता. हे मी आग्रहाने सांगतो. तापलेल्या शिशाच्या काचेतून लेड ऑक्साइडची वाफ निघते, गॅलेना भाजताना सल्फर डायऑक्साइड निघतो. चालू फ्यूम हूडशिवाय (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या झाकणीशिवाय) भट्टीचं दार उघडायचं नाही. पूड खलताना शिशाच्या धुळीसाठी योग्य असा मास्क आणि हातमोजे हवेत, आणि तो खल परत दुसऱ्या कामाला वापरायचा नाही. बेरियम कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळतं आणि विष होतं. एकेकाळी ते उंदीर मारायला वापरत. बेरियम सल्फेट मात्र विरघळत नाही, म्हणून क्ष-किरण तपासणीआधी दवाखान्यात तेच पाजतात. दोन्ही पांढऱ्या पुडी सारख्या दिसतात, म्हणून बरण्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा. काम सुरू करण्यापूर्वी आणि दर सहा महिन्यांनी रक्तातलं शिसे तपासून घ्या. घरात, गच्चीत, कुंभाराच्या भाड्याच्या भट्टीत यातलं काहीही करू नका. वापरलेल्या मुशी धोकादायक कचऱ्यात जायला हव्यात.

पुढच्या फेरीसाठी माझी सूचना अशी. एकाच शेवटच्या घटकमानाची तीन मिश्रणं करा: पहिलं कार्बोनेटांचं, दुसरं शेंदूर आणि बेराइटचं, तिसरं भाजलेलं गॅलेना आणि बेराइटचं. प्रत्येकाच्या दोन मुशी, एक झाकलेली, एक उघडी. सहाही एकत्र, ९८० अंशांवर बारा तास, मग ८०० अंशांवर चार तास, मग सावकाश खाली. आधी आणि नंतर तोला. आणि पहिल्या प्रयोगातली ती खाल्लेली मूस अजून टाकली नसेल तर टाकू नका. हिऱ्याच्या चाकावर ती उभी कापा आणि काच व मूस जिथे भिडतात त्या रेषेचा फोटो काढा. शिसे आत किती मिलिमीटर शिरलं ते मोजा, आणि नव्या सहा मुशींचं मोजमाप त्या आकड्याशेजारी लिहीत जा.